नारळावर शिक्का

लोक उन्हाळ्यात थंड हवेच्या ठिकाणी जातात. मी भोसरीला गेले. अमरावतीच्या आमच्या शाळेत हे सांगितलं तेव्हा ड्रॉइंगच्या बाईंनी विचारलं, "तिथं पाहण्यासारखं काय आहे हो?" मी म्हटलं, "माझी भावजय." त्यांना वाटलं मी काहीतरी लपवते आहे. मी काय लपवणार? भूगोल शिकवणाऱ्या बाईने सुट्टीत कुठे जावं याबद्दल लोकांच्या फार अपेक्षा असतात.

माझ्या धाकट्या भावाची, मधूची, बायको सुशीला हिला सातवा महिना लागला होता. तिला आई नाही, आमचीही आई गेलेली, तेव्हा डोहाळजेवण करायचं तर ते मीच. कुरड्या, सांडगे आणि संत्र्याची बर्फी घेऊन निघाले. गाडीच्या प्रवासाबद्दल एवढंच सांगते की बर्फी अर्धीच पोचली, आणि समोर बसलेल्या कुटुंबाला ती आवडली.

पुण्याहून भोसरीची बस मिळाली. एका बाजूला कारखान्याची लांबच लांब भिंत, दुसऱ्या बाजूला नांगरून ठेवलेलं रान, आणि रस्त्यात निवांत उभी असलेली म्हैस. ड्रायव्हरने तिला हॉर्न दिला नाही. थांबला, बिडी पेटवली, आणि ती गेल्यावर निघाला. इथे लोक घड्याळ विचारत नाहीत, शिफ्ट विचारतात. "तुमचे फर्स्टला आहेत का?" "नाही, सेकंडला." पहिले काही तास मला वाटलं, सगळे सिनेमाच्या खेळांबद्दलच बोलतायत.

माळावर

जुनं गाव खाली, भैरवनाथाच्या देवळाभोवती. वर मुरमाच्या माळावर कंपन्यांत काम करणाऱ्यांच्या चाळी: कोणी बीडचे, कोणी रत्नागिरीचे, आणि आमचा मधू अमरावतीचा. मधू एका कारखान्यात सुपरवायझर. दोन खोल्या, पुढे ओटा, ओट्यावर तुळस, आणि पाणी मात्र खाली गावातल्या नळावर. अख्ख्या माळाला मिळून तो एकच नळ.

पहाटे डोळा उघडला तर सुशीला पोट सांभाळत कळशी काढत होती. मी तिच्या हातून कळशी हिसकावली. "बस खाली! मी मेले आहे का?" आमच्या घरी अंगणात विहीर, पाणी म्हणजे दोर ओढायचा एवढंच मला ठाऊक. रांगेत उभी राहिले, भरली, निघाले, आणि चढणीवर मुरमावरून पाय असा सटकला की मी एकीकडे आणि कळशी दुसरीकडे. कळशी गडगडत थेट गावाच्या दिशेने निघाली. खाली नळावरून एक म्हातारी घराकडे निघाली होती. कपाळावर बंद्या रुपयाएवढं कुंकू, डोक्यावर दोन घागरी. तिने घागरीला हात न लावता नुसता पाय आडवा घातला आणि कळशी अडवली.

"कोन गं तू? न्हवी दिसतीस."

"मधूची बहीण. अमरावतीची."

"पडलीस काय?"

"काहून विचारता, दिसत नाही का?" माझं डोकं तापलं होतं, आणि ते तापलं की माझ्या तोंडी वऱ्हाडी येते.

"काहून!" म्हातारी इतकी हसली की घागरीतलं पाणी तिच्याच अंगावर सांडलं. या गंगूआक्का. खालच्या गावातल्या जुन्या घरातल्या. यांचे मालक महिपतआबा, भजनी मंडळात पखवाज वाजवतात. त्या दिवसापासून माझं नाव गावात 'काहूनबाई' पडलं. आक्कांनी माझी कळशी पुन्हा भरून माळावर आणून दिली आणि वर विचारलं, "तुजा भाऊ विलेक्शनला हुबा हाय न्हवं? पानी आननार म्हनतोय?"

मी घरात आले आणि मधूला धरलं. "निवडणूक? मला पत्रात का कळवलं नाहीस?"

"ताई, तू आली नसतीस."

खरंच आले नसते. पण ऐकल्यावर राग टिकला नाही. नगरपालिकेत माळाचा माणूस नव्हता. जुने मेंबर बाजीतात्या खालच्या गावचे. प्रत्येक वेळी "पाईप मंजूर आहे" म्हणायचे, आणि पाईप मंजूरच राहायचा. सुशीलानेच नवऱ्याला उभं केलं होतं. "वन्सं, बाळाची दुपटी धुवायला मी डोंगर उतरू का?" ती म्हणाली. बाळाच्या आधी नळ, हा त्या घरातला एकच जाहीरनामा होता, आणि तो मला तिथल्या तिथे पटला.

पारावरची सभा

मधूच्या प्रचाराची सूत्रं दत्तोबांकडे होती. रस्त्याच्या कडेला त्यांचं हॉटेल. त्यांची मिसळ खाल्ल्यावर मला दोन्ही कानांनी ऐकू येणं थांबलं. आमच्याकडे तिखट म्हणजे तिखट असतं, पण ते जेवणात असतं. इथे ते स्वतंत्र उमेदवार असतं. मधू अपक्ष, त्याला चिन्ह हवं होतं घागर. घागर मिळेना. मग दत्तोबांनी नारळ निवडला. "मधूराव, बायामाणसांसमोर नारळ आला की हात आपोआप जोडले जातात. आपल्याला वेगळं काही बोलायचं कामच नाही."

एवढं सांगूनही मधू बोललाच. माझा भाऊ स्वभावाने सोन्यासारखा, पण नास्तिक, आणि नास्तिकांना माइक मिळाला की त्यांना राहवत नाही. देवळासमोरच्या पारावर सभा. नळाबद्दल छान बोलला, टाळ्या पडल्या, आणि त्या टाळ्यांनी त्याचं डोकं फिरलं. "बंधूंनो आणि भगिनींनो, राजकारणात धर्म आणू नका. देव ज्याच्या त्याच्या घरी. मतदानाला जाताना देवधर्म बाहेर ठेवून आत जा!"

बायकांतून आक्कांचा आवाज आला, "भाईर म्हंजी कुटं? चपलांसंगं का?"

हशा असा उसळला की पारावरची कुत्रीसुद्धा उठून बसली. मधू म्हणाला, "मी तसं म्हटलं नाही, आक्का."

"मंग कसं म्हनलास? आमी द्येव काय पिशवीत घिऊन हिंडतो का, की ही घे पिशवी, ठेव भाईर?"

दत्तोबांनी घाईघाईने लाऊडस्पीकरवर गाणी लावली. मी आक्कांवर भयंकर चिडले होते, आणि त्यांचं म्हणणं बरोबर आहे हेही मला कळत होतं, म्हणून आणखी चिडले. घरी सुशीलाने भात वाढता वाढता एकच विचारलं, "नळाचं बोलायला गेला होतात, देव कुठनं काढलात?"

चाकणचा बाजार

डोहाळजेवणासाठी कांदे, बटाटे, मिरच्या आणायला मी एकटी चाकणला गेले. चाकणचा कांदा मी धड्यात शिकवते. प्रत्यक्ष पाहिला तो तेव्हा. ढीगच्या ढीग, बैलगाड्या, तोंडाला फडकं बांधलेले हमाल, आणि वाऱ्याबरोबर उडणारी साल. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तर एक कांदेवाला म्हणाला, "रडू नका ताई, भाव कमी करतो." मी रडायचं थांबवलं नाही.

परतीच्या एसटीत शेजारी एक म्हातारा येऊन बसला, गळ्यात तुळशीची माळ, मांडीवर कापडात गुंडाळलेलं काहीतरी लांबडं. कंडक्टर म्हणाला, "ह्याचं तिकीट?" म्हातारा म्हणाला, "पखवाज हाय. कातडं बदलून आनलंय. बारा वर्साच्या आतला हाय, अर्दं फाड." कंडक्टरला हसू आवरेना, त्याने तिकीट फाडलंच नाही. ते महिपतआबा निघाले, गंगूआक्कांचे मालक. मी कोण हे त्यांनी 'काहून' ऐकताच ओळखलं.

आता माझा स्वभाव असा की मनात आलं ते पोटात राहत नाही. म्हटलं, "आबा, आक्कांनी भावाला भरसभेत धुतलं. पण खरं सांगा, मत देताना देवाचा काय संबंध?"

आबांनी पखवाज नीट धरला. "बाई, तुमी शाळंत पोरांना मार्क देता. वळखीच्या पोराला जास्ती देता का?"

"मुळीच नाही."

"का?"

"मनाला पटत नाही."

"तुमचं ते मन, माझा त्यो नाथ. कुनी दारू पाजून मत मागाय आला तर मी त्याला हुबा करत न्हाई, त्ये नाथामुळं. कुनी पोराला नोकरी लावतो म्हनून मत मागतो, मी न्हाई म्हनतो, त्ये बी नाथामुळं. मत देताना त्यो माज्या संगं असतोच. त्याला भाईर ठिवून आत गेलो तर मंग आत कोन गेलं?"

मी विचारलं, "मग नाथ सांगेल त्यालाच मत देता?"

"त्यो कुनाचं नाव घेत न्हाई. आजपातूर कवा म्हनला न्हाई का सायकलीवर शिक्का मार. त्यो मला सरळ ठिवतो. म्होरचं डोस्कं माजं."

सायकल हे बाजीतात्यांचं चिन्ह होतं. तिथून भोसरीपर्यंत मी गप्प बसले होते, हे अमरावतीत सांगितलं तर घरातलं कोणीही विश्वास ठेवत नाही.

घरोघर नारळ

सभेत झालेलं नुकसान भरून काढायचं दत्तोबांनी मनावर घेतलं. पुण्याहून पोतीच्या पोती नारळ आणले. "चिन्हाचा प्रचार होईल, आणि बाई नारळ परत देत नाही," म्हणाले. भर दुपारी मधू, दत्तोबा आणि मी चाळीत निघालो. पहिलंच दार सोपानचं, हा बीडचा, मधूच्याच खात्यात कामाला. तो नाईट करून झोपलेला. त्याच्या बायकोने दार उघडलं. समोर कंपनीचा सुपरवायझर, हातात नारळ.

"वहिनी, हा नारळ घ्या," मधू अदबीने म्हणाला.

तिच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. आणि मग तिने जो हंबरडा फोडला, तो कारखान्याच्या भोंग्यालाही मागे टाकणारा होता. "अवो उटा! उटा की! तुमाला कंपनीनं नारळ दिला! घरी यिऊन दिला वो माय!"

मला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं, आणि मी कपाळावर हात मारला. कामावरून काढलं की आपण काय म्हणतो? हातात नारळ दिला! आणि दत्तोबांनी पोतीच्या पोती नारळ घेऊन कामगारांच्या चाळीत एका सुपरवायझरला फिरवायला काढलं होतं.

सोपान बनियनवर धावत आला. "साहेब, माझं काय चुकलं? रजा तर मी सांगून घेतली होती."

"अरे बाबा, नारळ माझं चिन्ह आहे!"

"म्हंजी तुमाला बी काढलं का?"

तोपर्यंत अख्खी चाळ दारात आली होती. कोणी म्हणालं युनियनला कळवा, कोणी म्हणालं मशीन बंद करा. एका रत्नागिरीच्या माणसाने नारळ हातात घेतला, कानाशी हलवून पाहिला आणि म्हणाला, "नोकरीचा काय ता जाऊ दे, पण नारळ काय बरो नाय." सगळ्यांना समजवायला सगळी दुपार गेली. समजूत पटली, पण एकाही घराने नारळ ठेवून घेतला नाही. पोती पुन्हा मधूच्या ओट्यावर आली, आणि मी इतकी हसले की मला उचकी लागली. मधू माझ्याशी रात्रीच्या जेवणापर्यंत बोलला नाही.

देऊळ

आता पोत्यांतल्या नारळांचं काय करायचं? दत्तोबांनी उपाय सांगितला, आणि तो ऐकून माझं हसू गेलं. रविवार नाथाचा वार. गावकऱ्यांना देवळात बोलवायचं, नाथापुढे नारळ आणि भंडारा ठेवायचा, आणि एकेकाने त्यावर हात ठेवून मधूला मत देण्याची आण घ्यायची. आण मोडली तर नाथ बघून घेईल. "बाजीतात्या हेच करणार आहेत. आपण आधी करू," दत्तोबा म्हणाले.

मधू मान खाली घालून म्हणाला, "ताई, इथे चालतं हे."

"तुला चालतं," मी म्हटलं, "कारण तुझ्या लेखी तो दगड आहे. त्यांच्या लेखी तो नाथ आहे. तुझं काय जातं रे त्यांना भीती घालायला?"

"मला नळ हवाय!" तो ओरडला. आत सुशीला कळशी मोजून मोजून वापरत होती. त्या आवाजाने ती दारात आली.

रविवारी सगळे देवळात गेलो. देऊळ भरलं होतं. नारळांची रास, पितळेच्या ताटात पिवळाधमक भंडारा. दत्तोबांनी पहिला मान महिपतआबांना दिला. आबांनी हात ठेवला की सगळं गाव ठेवणार. आबा पुढे आले. नाथाला नमस्कार केला, भंडारा कपाळाला लावला, आणि हात मागे घेतला.

"मधूभाऊ, मी तुमालाच मत देनार हुतो. पानी पायजे. पन ही आन घातली की त्ये मत माजं ऱ्हात न्हाई, नाथाचं हुतं. आनि नाथाचं नाव यादीत न्हाई."

आबा पुढे म्हणाले, "मत देताना मी त्याला इचारीन. पन तुमी त्याला माज्या अंगावर सोडू नगा."

दत्तोबा मधूला ढोसत होते. मधू ताटाकडे पाहत उभा होता. मला माझ्या भावाचे कान माहीत आहेत; लहानपणी खोटं बोलायचा तेव्हा लाल व्हायचे. ते लाल झाले होते. मग त्याने ताट उचलून पुजाऱ्याकडे दिलं.

"आबा, मी देव मानत नाही," तो म्हणाला. दत्तोबांनी डोळे मिटून घेतले. "मानत नाही, आणि तरी तुमच्या देवाचा धाक तुम्हालाच घालायला आलो. हे वाईट केलं. त्या दिवशी म्हणालो देव बाहेर ठेवा, ते सांगणाराही मी कोण? तुमचा देव कुठे ठेवायचा ते तुमचं तुम्ही ठरवा. मला माळावर आणि गावातसुद्धा घरोघर पाणी आणायचंय. पटलं तर मत द्या, नाही पटलं तर देऊ नका. शपथ नको."

मला वाटलं, झालं, गेलं पाणी. मग बायकांच्या बाजूने आक्का उठल्या. "द्येव मानत न्हाई त्ये त्याचं त्यो बघंल. पन नाथाच्या म्होरं खरं बोलला, आनि खरं बोलायला कुनी आन घातली नव्हती." त्यांनी नारळ उचलून पायरीवर फोडला. मग सगळेच नारळ फुटले. मधूने खोबऱ्याचे तीन तुकडे खाल्ले आणि चौथा मागितला.

मतदान आणि मोजणी

मतदानाच्या आदल्या दिवशी बायका ओट्यावर आल्या. शिक्का कसा मारायचा ते दाखवा, म्हणाल्या. कित्येक जणींनी आजवर नवऱ्याने सांगितलं तसा कुठेतरी मारलेला. शिकवायचं म्हटल्यावर मला स्फुरण चढलं. चाकणच्या बटाट्याचा अर्धा तुकडा कापून शिक्का केला, शाईत बुडवला, आणि चिन्ह म्हणून पाटावर खराखुरा नारळ ठेवला. पाटावर नारळ दिसताच सुशीलाने सवयीने त्याला हळदकुंकू वाहिलं. एकेक बाई पुढे यायची, नारळाला कुंकू लावायची, बटाट्याचा शिक्का मारायची. मी म्हटलं, वा! वर्गातल्या मुली इतक्या लवकर शिकत नाहीत.

मतदान झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी शाळेत मोजणी. दत्तोबांना एका जागी गप्प बसवत नसल्याने मधूने आत बसायला मला नेलं. खिडकीच्या गजांना बाहेरून सगळं गाव चिकटलेलं, आणि अगदी पुढे आक्का. सायकल आणि नारळ बरोबरीने चालले होते. एकाएकी एक कारकून ओरडला, "साहेब, रक्त!"

अधिकाऱ्यांनी चष्मा वर करून मतपत्रिका पाहिली, हुंगली. कुंकू होतं. नारळाच्या चित्रावर ठळक कुंकू, आणि त्यावर शिस्तीत मारलेला शिक्का. पाठोपाठ दुसरी, तिसरी. बघता बघता कुंकवाच्या मतपत्रिकांचा गठ्ठा झाला. बायका कनवटीला पुडी बांधून गेल्या होत्या. नारळाला कोरडाच शिक्का कसा मारायचा?

गठ्ठा बाजूला ठेवून उरलेली मतं मोजली तर बाजीतात्या थोडेसे पुढे. गठ्ठा धरला तर मधू निवडून येत होता. अधिकारी घाम पुसत म्हणाले, "हे बघा. चुकून पडलेला डाग असेल तर मत धरायचं. मतदाराने मुद्दाम केलेली खूण असेल तर बाद. उमेदवारांचं म्हणणं काय? डाग की खूण?"

"खूण!" बाजीतात्या उठून उभे राहिले. "सरळ सरळ खूण. कुंकू बाद करा!" त्यांचा आवाज भाषणाला सरावलेला, तो खिडकीच्या पलीकडे रस्त्यापर्यंत गेला.

"डाग म्हणा मधूराव! डाग!" बाहेरून दत्तोबा किंचाळले. टेबलाखालून मीही त्याच्या पायावर पाय दिला. डाग म्हण रे, एक शब्द, आणि नळ दारात.

मधूने कागद हातात घेतला. खिडकीकडे पाहिलं. गजांमध्ये आक्कांचं कपाळ होतं, आणि त्यांच्या मागे तशीच कितीतरी कपाळं. तो म्हणाला, "साहेब, ह्या बायांसमोर कुंकवाला मी डाग कसा म्हणू? त्यांनी मानाने लावलंय. मुद्दाम लावलंय."

"म्हणजे खूण?"

"खूण."

बाजीतात्या निवडून आले. मी तिथेच, सरकारी टेबलावर डोकं ठेवून मोठ्याने रडले. मला भावाचा राग आला होता आणि त्याचा अभिमान वाटत होता, आणि दोन्ही एकदम आवरत नव्हतं. घरी सुशीलाने सगळं ऐकलं, नवऱ्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला, आणि म्हणाली, "डाग म्हणाला असतात ना, तर मी सरळ माहेरी निघून गेले असते."

"तुला माहेर कुठे आहे गं?"

"अमरावतीला. वन्संकडे."

डोहाळजेवण

हरलेल्या घरात डोहाळजेवण म्हणजे मला धास्तीच होती. कोण येणार? आणि एवढ्या स्वयंपाकाला पाणी कुठून आणणार? सकाळी बाहेर आले तर चढणीवर बायकांची रांग, प्रत्येकीच्या डोक्यावर भरलेली घागर. माळावरच्या होत्या, गावातल्याही होत्या, आणि सगळ्यांत शेवटी, कोणाकडे न पाहता, बाजीतात्यांची बायकोही होती. कुंकवाला बाद म्हणणाऱ्या माणसाशी तिने दोन दिवस बोलणं टाकलं होतं, आणि स्वयंपाकही. तात्या जेवायला दत्तोबांच्या हॉटेलात जात होते. दत्तोबा त्यांना मिसळच वाढत होते.

सुशीलाला फुलांच्या वाड्या घातल्या, ओटी भरली. आमच्याकडचा गोळाभात मी केला होता, इकडच्या बायकांनी "ही भजी भातात कशी पडली?" असं विचारत दोन दोनदा घेतला. आक्का बाळाचं नाव न घेताच पाळणा म्हणत होत्या. तेवढ्यात ओट्याशी बाजीतात्या येऊन उभे राहिले. पांढरे कपडे, डोळे लाल, ओठ सुजलेले. मिसळ मी ओळखली. बरोबर टेप घेतलेला एक माणूस.

पाळणा मध्येच थांबला. मधू म्हणाला, "या तात्या, बसा." तात्या बसले नाहीत. त्यांची नजर बायकोकडे गेली. तिने पदर सावरून तोंड फिरवलं.

"सुनबाई," ते सुशीलाला म्हणाले, "नळ कुठं पायजे ते दाखव. माप घ्यायला मानूस आनलाय." मग सगळ्यांना ऐकू जाईल असा आवाज चढवून त्यांनी देवळाच्या दिशेला हात वर केला. "नाथाची आन घिऊन सांगतो, ह्या माळावर..."

"हात खाली कर," आक्का म्हणाल्या.

तात्यांचा हात तसाच राहिला.

"खाली कर म्हनते न्हवं. नाथाला मधी घालू नगंस. पानी कवा यील त्ये सांग."

तात्या चाचरले. टेपवाल्याकडे पाहिलं, टेपवाल्याने माळाकडे पाहिलं. "पुनवेच्या आत," ते म्हणाले, यावेळी साध्या आवाजात. मग एक पायरी चढले, बायकोच्या पुढ्यातल्या करंड्याकडे बोट केलं आणि मान पुढे वाकवली. "आता तरी लावा की कुंकू."

बायकोने करंड्याला हात घातला, तशी आक्कांनी तो उचलून आपल्या मांडीवर घेतला आणि झाकण लावलं.

"आधी नळ. तवर तुजं कपाळ बाद!"